षट्चक्रे आणि सप्तरंगी तक्ते

मणिपूर चक्र अवरुद्ध झाले की मधुमेह होतो आणि ते मोकळे केले की औषध सोडता येते, असे छातीठोकपणे सांगणारे उपचारक आज शहरोशहरी आढळतात. भिंतीवर सप्तरंगी तक्ता आणि मुखी 'प्राचीन भारतीय ज्ञान' हे शब्द. सुशिक्षित कुटुंबे तेथे विश्वासाने जातात, कारण नाव आपल्या परंपरेचे असते. तेव्हा परंपरा खरोखर काय सांगते, हे पाहणे अगत्याचे आहे.

षट्चक्रांच्या प्रचलित वर्णनाचा मुख्य आधार म्हणजे पूर्णानंद यतींचा सोळाव्या शतकातील 'षट्चक्रनिरूपण' हा ग्रंथ. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर जॉन वुड्रॉफ यांनी 'आर्थर अॅव्हलॉन' या नावाने १९१९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. विषय पश्चिमेत गेला आणि निराळ्याच वेषात परतला. आज दाखवले जाणारे इंद्रधनुष्याचे क्रमवार रंग मूळ ग्रंथात नाहीत. पूर्णानंदांच्या मणिपुराच्या पाकळ्या सजल मेघासारख्या श्याम आहेत; तक्त्यात त्या पिवळ्या असतात! संख्याही सर्वत्र एक नाही. गोरक्षनाथांच्या नावे असलेल्या 'सिद्धसिद्धांतपद्धती'त नऊ चक्रे आहेत. याचे कारण उघड आहे. चक्रे ही साधकाच्या ध्यानाची स्थाने. रोगनिदानाचे कोष्टक नव्हे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णनही योगसाधनेच्याच संदर्भात येते.

आयुर्वेदाची वाट वेगळी. चरक-सुश्रुतांची चिकित्सा दोष, धातू, अग्नी आणि स्रोतस यांवर उभी आहे, षट्चक्रांवर नाही. सुश्रुताच्या १०७ मर्मांना 'ऊर्जाबिंदू' म्हणण्याची हल्ली टूम आहे. पण शरीरात कोठे आघात झाल्यास प्राणावर बेतते, शस्त्र चालवताना कोणती जागा सांभाळावी, हे शल्यवैद्याला कळावे म्हणून ती सांगितलेली आहेत. शवाचे प्रत्यक्ष निरीक्षण करावे, हा आग्रहही सुश्रुताचाच.

तोच आग्रह स्वामी दयानंद सरस्वतींनी धरला. गंगेतून वाहत आलेले एक शव त्यांनी स्वतः चिरून ग्रंथांतील चक्रवर्णनाशी ताडून पाहिले. मेळ बसेना, तेव्हा ते ग्रंथ फाडून नदीत सोडून दिले. ही हकिगत त्यांच्या आत्मकथनातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, ते नौली-उड्डियानासारख्या क्रिया क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रांनी तपासण्याच्या निश्चयाने. त्यांच्या निष्ठेवर कोण शंका घेईल?

योगासने आणि प्राणायाम यांनी मन शांत होते, रक्तदाबासारख्या विकारांत औषधाला साहाय्यही होते. पण इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाचे इन्सुलिन चक्रशुद्धीच्या भरवशावर थांबले, तर काही दिवसांतच त्याचे प्राण संकटात येतात. औषधे आणि अद्भुत उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. मधुमेह आणि कर्करोग दोन्ही त्याच्या सूचीत आहेत. परंतु बंद दाराआड दिलेल्या सल्ल्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तेथे घरातल्याच कोणीतरी रुग्णाला विचारले पाहिजे, गोळ्या चालू आहेत ना?