भाताच्या फुलाचा एक तास

मे महिन्यात कोकणात आजोळी गेलो होतो. मामा उन्हाळी, म्हणजे वायंगणी भात उफणत होते. पायाशी दाणा थोडा, वाऱ्यावर फोलच फार!

"मामा, पाणी तर भरपूर होते ना?" मी विचारले.

"पाण्याचे काय घेऊन बसलास? ऐन फुलोऱ्यात उन्हाने गाठले," मामा म्हणाले.

मामांचे हे निदान शास्त्रालाही मान्य आहे. भाताचे फूल सकाळी उमलते आणि तासाभरात मिटते. तेवढ्यात पारा ३५ अंशांवर चढला, तर परागकोश नीट फुटत नाहीत. मग दाणा भरणार कसा?

संप्रेरके म्हणजे झाडाच्या अंगातले निरोपे. उन्हाने त्यांचाही ताल बिघडतो. २०१० साली जपानी संशोधकांना जवाच्या रोपांत आढळले, की उष्णतेने परागकोशांतले ऑक्सिन घटते. ते वरून दिले, की पराग पुन्हा सकस होतात. २०१५ साली चिनी शास्त्रज्ञांना आफ्रिकी भातात 'टीटी१' हे जनुक सापडले. उष्णतेने पेशीत बिघडलेली प्रथिने साचतात. दिवाळीआधी आपण माळा झाडतो, तशी हे जनुक ती झाडून काढते. आपल्याकडे उत्तर प्रदेशातले 'नगीना २२' हे जुने वाण उन्हातही दाणा धरते.

हे सारे मामांना कळविले. उलटटपाली पत्र आले : "शास्त्र समजले. बियाणे केव्हा?"

मी लिहिले, "नगीन्याचा गुण नव्या वाणांत उतरविणे चालू आहे. तोवर पेरणी थोडी लवकर करा. फुलाचा तो एक तास उन्हाच्या आधी गाठू द्या."

फराळाचे पोहे खाताना आता मला तो तास आठवतो.