चोर म्हणण्याआधी सिद्ध करा!



चोर म्हणवून घेणे म्हणजे काय, हे कापूसवाल्याला शिकवायला नको. १९७२ पासून एकाधिकार खरेदी चालली तोवर स्वतःच्या रानातला कापूस राज्याबाहेर विकायला नेणारा शेतकरी 'तस्कर' ठरत होता. ती योजना गेली, पण शेतकऱ्याच्या कपाळी चोरीचा शिक्का मारायची खोड गेली नाही. म्हणून आज कायदाच समजून घेऊ.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे जुने ३७८ आणि ३७९ कलम आता ३०३ झाले. चोरीची व्याख्या मात्र तीच राहिली. वस्तू जंगम हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, त्याच्या संमतीशिवाय हलवलेली हवी आणि हेतू अप्रामाणिक हवा. यातला एक दुवा तुटला तरी चोरी उभी राहत नाही. हे सगळे सिद्ध करायचे ते सरकारी पक्षाने. आरोपीने निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे, असा कायदा नाही.

बांधाचा वाद घ्या. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडे काय किंवा आणखी कुठे काय, भांडण जमिनीचे असते आणि फिर्याद ज्वारी चोरल्याची होते. उभे पीक जमिनीला धरून आहे तोवर ती चोरीची वस्तूच नव्हे. विळा लागून ताट सुटले की मग ती जंगम. आणि रान आपलेच आहे, या प्रामाणिक समजुतीने कापणी केली असेल, तर अप्रामाणिक हेतू उरत नाही. पण समजूत तोंडाने सांगून भागत नाही. सातबारा, मोजणीचा नकाशा, पीक पाहणीची नोंद पुढे ठेवा. दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत कापणी केली असेल, तर त्या चौघांची साक्ष द्या. रात्री गुपचूप कापणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर कोर्ट कसा विश्वास ठेवील?

बैल घेतला, मोटार घेतली, तर पावती जपून ठेवा. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडतो आणि तो कुठून आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्यावर संशय धरण्याची मुभा कोर्टाला आहे. तिथे तुमचा वकील म्हणजे ती पावतीच.

ठाण्यात नेले तर घाबरू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. मात्र तिच्यामुळे वस्तू सापडली, तर तेवढा भाग वापरता येतो. अटक केली तर २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे करावेच लागते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे. आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याची मिळकत कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

एवढा चांगला कायदा विजेपाशी आला की उलटा फिरतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली अनधिकृत साधन सापडल्याचे सिद्ध झाले, की ग्राहकाने चोरी केलीच असे गृहीत धरतात; नाही म्हणून सिद्ध करायचे ते ग्राहकाने! रात्री-बेरात्री वीज सोडणाऱ्यांना हा मान आणि विहिरीत पाणी असून पीक वाळताना पाहणाऱ्याला हा अपमान. तरी तिथेही वाट आहे. जप्त वस्तूंची यादी मागा, वाचल्याशिवाय सही करू नका. वीज तोडल्यावर २४ तासांत लेखी तक्रार देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ती दिली का, ते विचारा. नुसता भार जास्त निघाला, लबाडी नव्हती, तर तो कलम १२६ चा हिशेब आहे, चोरीचा नव्हे.

आता आपल्याच घरात पाहू. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका झोपडीत लुटीसह खून आणि अत्याचार झाले. भटक्या जमातीतली सहा माणसे धरली. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम धरली. प्रत्यक्ष पाहणाऱ्या बाईने तर पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि पाच-पाच लाख भरपाई द्यायला लावली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही!

रानातला कापूस रात्रीत वेचून गेला, की आपणही जवळच्या पालावर धावतो. पान लाल दिसले म्हणून कारण न शोधता फवारा मारणाऱ्याला आम्ही शिवारात टोकतो. मग पुरावा न पाहता माणसाला झोडणाऱ्याला काय म्हणावे? आमचे नुकसान खरे, आमचा राग खरा. पण आपल्यासाठी मागतो तो न्याय पालातल्या माणसाला नाकारला, तर उद्या नाक्यावर आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून या बैठकीत गावोगाव दोन-दोन माणसे नेमू. चोरीचा आळ कोणावरही येवो, आपल्या माणसावर की परक्यावर, ती दोघे ठाण्यात जातील, कागद मागतील, वकील मिळवून देतील. मारहाण होऊ देणार नाहीत.

चोर म्हणायचे असेल, तर आधी सिद्ध करा. सरकारला हे सांगू आणि स्वतःलाही!