ग्लास तोच, पाटी वेगळी

रत्नागिरीकडे रात्रभर नमन रंगतं. प्रेक्षकांत एखादा पिऊन धिंगाणा घालायला लागला, तर गावकरी त्याला धरून बाहेर काढतात. नमन बंद पाडत नाहीत. डान्स बारच्या बाबतीत राज्य सरकारला एवढी साधी गोष्ट चौदा वर्षांत कळली नाही.

2005 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधला नाच बंद केला. त्याच दुरुस्तीत नाट्यगृहं, सभासदांपुरते क्लब आणि थ्री स्टार व त्यावरची हॉटेलं यांना सूट होती. म्हणजे नाच तोच, दारू तीच. बिलाचा आकडा वाढला की अश्लीलता गायब! आम्ही कोड लिहिणारे याला हार्डकोडिंग म्हणतो. आत काय चाललंय ते बघायचंच नाही, दारावरची पाटी वाचून निकाल द्यायचा.

2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही बंदी रद्दच ठरवली. मग 2016 चा नवा कायदा आणि नवी अट आली: नाच चालतो त्या खोलीत दारू नको. परवाना द्यायचा, पण बार चालणार नाही अशा बेताने. 2019 मध्ये कोर्टाने तीही अट उडवली.

बायकांचं शोषण होतं त्याचं काय? ते थांबलंच पाहिजे. त्यासाठी हात लावणाऱ्याला पकडा, पैसे बुडवणाऱ्या मालकाला पकडा. बंदीत रोजगार गेला तो नाचणारीचा. पिणाऱ्याचा ग्लास कुणी काढून घेतला नाही. दारूच्या करावर तिजोरी भरायची आणि संस्कृती सांभाळायला तिला घरी बसवायचं, हा शुद्ध दुटप्पीपणा आहे.