'यांच्या प्रयत्नांना यश' आणि कार्टूनमधलं मांजर

सकाळी मोबाईल उघडला की पहिल्या चार-पाच मेसेजमध्ये एक तरी प्रेसनोट असतेच. सोबत फोटो आणि मथळासुद्धा आयता: '...यांच्या प्रयत्नांना यश'. रस्ता मंजूर झाला, यांच्या प्रयत्नांना यश. डीपी बदलली, यांच्या प्रयत्नांना यश. तलाव भरतो पावसानं, पण जलपूजनाच्या बातमीत प्रयत्न साहेबांचेच असतात.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून या धंद्यात पडलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. हा मथळा मी स्वतः किती वेळा टाईप केला असेल, मोजदाद नाही. आणि खरं सांगतो, अलीकडे तो टाईप करताना मला एक जुनं कार्टून आठवतं. हसू नका, पूर्ण वाचा.

१९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत केबलवाल्याच्या कृपेनं आमच्या गल्लीतही आलं. आमच्या घरी कनेक्शन नव्हतं, शेजारच्या काकूंकडे होतं. सगळं इंग्रजीत, आम्हाला निम्मंसुद्धा कळायचं नाही. त्यात एक कार्टून लागायचं, 'हाँगकाँग फुई'. टॉम अँड जेरी सगळ्यांना आठवतं, हे फारसं कुणाला आठवत नाही.

हे मूळचं अमेरिकेतलं. हॅना-बार्बेरा या कंपनीनं १९७४ मध्ये एबीसी वाहिनीसाठी बनवलेलं, अवघ्या सोळा भागांचं. तेव्हा तिकडं कुंग-फूचं वेड होतं. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आदल्याच वर्षी आलेला. त्या वेडाचीच ही टिंगल होती.

गोष्ट साधी. एका पोलीस ठाण्यात पेनरी नावाचा कुत्रा झाडूवाला आहे. सार्जंट त्याच्यावर सतत खेकसतो. फोनवर बसणारी रोझमेरी गुन्ह्याची खबर घेते, ती पेनरीच्या कानावर पडते आणि हा फायलींच्या कपाटात उडी मारतो. आत झगा-मुखवटा चढवून 'हाँगकाँग फुई' होतो. पण कपाटाचा खण अडकतो आणि साहेब आतच. मग त्याचं मांजर, पट्टेरी अंगाचा स्पॉट, येऊन त्याला सोडवतं. सुपरहिरोची सुरुवातच अशी, मांजरानं बाहेर काढल्याशिवाय तो कामालाच लागू शकत नाही.

पुढंही तेच. फुई कुंग-फूचं पुस्तक उघडून डाव शोधतो, तोवर चोर पसार. वार एकीकडं करतो, लागतो दुसरीकडं. चोर पकडला जातो तो स्पॉटच्या डोक्यामुळं, नाहीतर निव्वळ योगायोगानं. शेवटी टाळ्या मात्र फुईला. स्पॉट बाजूला उभा राहून डोळे फिरवतो, बस्स.

फुईला आवाज होता स्कॅटमन क्रॉदर्स या गायक-नटाचा. पुढं 'द शायनिंग' सिनेमात हॉटेलचा आचारी झालेला तोच. स्पॉटचा आवाज डॉन मेसिक यांचा, म्हणजे स्कूबी-डूला बोलतं करणारा माणूस. पण इथं त्याच्या वाट्याला आलं नुसतं म्याव आणि गुरगुर. काम सगळं करायचं आणि बोलायचं काही नाही, हे तिथंच ठरलेलं.

लहानपणी फुईच्या धडपडण्यावर हसायचो. आता दोन गोष्टी जास्त टोचतात.

पहिली गोष्ट त्या शहरातल्या लोकांची. फुईची गाडी कुणावर आदळते, कुणाचं सामान मोडतं, कुणी चिखलात पडतं. तो माणूस चिडायचं सोडून खूश होतो, एवढ्या मोठ्या हिरोचा धक्का लागला हेच भाग्य समजतो. हा विनोद लिहिणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लहान मुलांसाठी लिहिला होता. आपल्याकडं स्वागताच्या मिरवणुकीत तासभर अडकलेला माणूस गर्दीतून बाहेर आला की विचारतो, "साहेब जवळून दिसले का रे?"

दुसरी गोष्ट पेनरीची. तोच जीव झाडू हातात असताना कुणाला दिसत नाही. रोझमेरी फुईवर लट्टू आहे आणि तिच्या टेबलाशेजारी फरशी पुसणारा पेनरी तिच्या खिजगणतीत नाही. माणूस तोच, अंगावरचा झगा बदलला की बघणाऱ्याची नजर बदलते. फुई फसवा नाही बरं का. आपणच चोर पकडला असं त्याला मनापासून वाटतं. त्याला हिरो केलंय ते बघणाऱ्यांनी.

आणि बघणाऱ्यांना कोण सांगतं, कोण हिरो आहे ते? इथं मी येतो.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमच्या गावाची मुख्य पाईपलाईन फुटली. नळाला पाणी नाही. पाणीपुरवठ्याचे दोन कामगार, एक कायम आणि एक रोजंदारीवरचा, दोन रात्री त्या खड्ड्यात होते. कमरेएवढा चिखल. रात्री अकराला मी तिथं जाऊन आलो, त्यांच्याबरोबर चहा प्यालो. तिसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या वेळी एक पदाधिकारी आले, व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावला, फोटो निघाला. संध्याकाळी प्रेसनोट आली. मी ती जशीच्या तशी लावली. मथळा काय, ते तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तो रोजंदारीवाला चहाच्या टपरीवर भेटला. हातात पेपर. मला म्हणाला, "दादा, फोटो झकास आलाय. हे बघा, कोपऱ्यात माझा हात दिसतोय."

त्यानं टोमणा मारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तो खरंच खूश होता. दोन रात्रींच्या बदल्यात पेपरात एक हात, तोही नावाशिवाय. त्या दिवशी मला त्याचं नाव माहीत होतं. बातमीत घालायला एक ओळ पुरली असती.

का घातली नाही? कारण सरळ आहे. गावाकडच्या बातमीदाराचं घर पगारावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. वाढदिवसाची पानभर जाहिरात पदाधिकारी देतो, व्हॉल्व्ह फिरवणारा कामगार देत नाही. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. तुम्ही वाचता ती बातमी कशी तयार होते, ते कळावं म्हणून सांगतोय.

काही जण म्हणतील, निधी आणणं हेही कामच आहे. मान्य. मुंबईला खेटे घालून योजना मंजूर करून आणणाऱ्याचं श्रेय त्याला द्यावंच. पण मग पाईप फुटला, टाकी गळाली, रस्ता सहा महिन्यांत उखडला, तेव्हा 'यांच्या प्रयत्नांना अपयश' असा मथळा आपण कधी वाचलाय? तेव्हा नोटीस निघते ती खालच्या कर्मचाऱ्याला. यश आलं की झगेवाल्याचं आणि चूक झाली की झाडूवाल्याची. कार्टूनमध्येसुद्धा स्पॉटवर एवढा अन्याय होत नाही.

आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. कामगाराचं नावच कधी छापून येत नसेल, तर तो वर्षानुवर्षं रोजंदारीवरच आहे, त्याला गमबूट मिळत नाहीत, हे गावाला कळणार कसं? जो दिसत नाही त्याच्यासाठी कुणी भांडत नाही.

म्हणून एक ठरवलंय आणि ते इथं जाहीर करतोय, म्हणजे मागं फिरता येणार नाही. यापुढं माझ्याकडं 'प्रयत्नांना यश' आलं की मी एकच प्रश्न विचारणार: प्रत्यक्ष काम कुणी केलं? त्याला विचारून त्याचं नाव बातमीत घालणार. वरिष्ठांनी कापलं तर तीच बातमी इथं, या भिंतीवर टाकणार. एखादी जाहिरात जाईल. बघू.

तुम्हीही एक करा. पुढच्या वेळी असा फोटो आला की मधल्या माणसाकडं बघू नका, कोपऱ्यात बघा. तिथं हात कुणाचा आहे ते ओळखत असाल, तर त्याला विचारून कमेंटमध्ये नाव लिहा.