इच्छा सोडा म्हणे!

गेल्या वीकेंडला ऑफिसची टीम आउटिंग गणपतीपुळ्याला होती. रविवारी सकाळी किनाऱ्यावर 'माइंडफुलनेस'चं सेशन. बाहेरून बोलावलेले ट्रेनर म्हणाले, "इच्छा हेच दुःखाचं मूळ, असं बुद्धाने सांगितलंय. अपेक्षा सोडा, ताण आपोआप जाईल." आणि अप्रेझलची पत्रं पुढच्याच आठवड्यात येणार होती! माना डोलावणाऱ्यांत मीही होतो. नंतर डोकं तापलं, ते अजून तापलेलंच आहे.

मुळात शब्दच चुकीचा. पालीत आहे 'तण्हा', म्हणजे तृष्णा, तहान. काही करावंसं वाटणं याला वेगळा शब्द आहे, 'छंद'. सम्यक व्यायामाच्या व्याख्येत तर चांगल्या गोष्टींसाठी हा छंद निर्माण करायलाच सांगितलंय. दोन्हीचं भाषांतर 'इच्छा' करून टाकलं की बुद्धाच्या नावावर काहीही खपवता येतं.

तृष्णा येते कशी? स्पर्श, त्यातून वेदना, त्यातून तृष्णा, त्यातून उपादान. (वेदना म्हणजे दुखणं नव्हे, सुखद, दुःखद किंवा दोन्ही नाही अशी जाणीव.) शनिवारी संध्याकाळचं माझंच बघा ना. देवळासमोर सूर्य समुद्रात बुडत होता. डोळ्यांनी पाहिलं, छान वाटलं. मग वाटलं, हे रोज दिसायला हवं. मग, खिडकीतून दिसायला हवं. अर्ध्या तासात मी रिक्षावाल्याला गुंठ्याचा भाव विचारत होतो!

यात सूर्यास्त आवडणं हा बग नाहीच. बग आहे 'छान वाटलं' आणि 'मला हवंच' यांच्या मध्ये. गोएंका गुरुजींनी इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिकवलेली विपश्यना नेमकी याच सांध्यावर काम करते. अंगावरची संवेदना बघायची, तिच्यामागे धावायचं नाही. 'अपेक्षा सोडा' असं नुसतं बजावण्यापेक्षा हे फार वेगळं आणि फार अवघड आहे.

आणि साखळी मनातच संपते असं कुणी सांगितलं? दीघनिकायातलं महानिदान सुत्त पुढे जातं. तृष्णेतून शोध, मग लाभ, आसक्ती, मालकी, कंजूषपणा, राखण. आणि राखणीतून काठ्या, शस्त्रं, भांडणं. डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये (१९५७) हा भाग आहे, आणि वर्गसंघर्षाचं विश्लेषण म्हणून त्यांनी तो मानलाय. मालगुंडच्या रस्त्याला मला चिऱ्याची उंच भिंत दिसली, वर काचा रोवलेल्या, गेटवर 'खाजगी मालमत्ता'. ही ती राखण.

मग तृष्णेचं प्रवचन फक्त पगारवाढीची वाट बघणाऱ्यालाच का? दर तिमाहीला टार्गेट वाढवणाऱ्यांना कुणी वाळूत मांडी घालून बसवलंय का? सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं दिलीत: कुवतीप्रमाणे काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. हे त्या सेशनमध्ये कसं काय राहून गेलं?

कुणी म्हणेल, पगारवाढ हवी हीसुद्धा तृष्णाच. असू शकते. शेजारच्या क्युबिकलमध्ये आपल्यापेक्षा जास्त मिळाले हे कळल्यावर पोटात जे ढवळतं, ती तृष्णाच. पण वर्षभर रात्री जागून रिलीज काढल्यावर ठरलेला मोबदला मागणं ही तृष्णा नव्हे, तो हिशोब आहे. ही दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळून ट्रेनरने आम्हाला गप्प केलं, आणि आम्ही झालोही.

असो. रिक्षावाल्याने दिलेला एजंटचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. काल रात्री लावला होता. एंगेज लागला.