'आय-सेव्हन आहे' म्हणजे नेमकं काय आहे?

मुंब्रा, कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका. यातल्या कुठल्याही भागात कॉम्प्युटरच्या दुकानात जा आणि सांगा, मुलगी कॉलेजला गेली आहे, एक सेट दाखवा. बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाई, आय-सेव्हन है, आँख बंद करके ले जाओ." डोंबिवलीत तेच वाक्य मराठीत मिळेल : "काका, आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या." भाषा बदलते, देवधर्म बदलतो, वाक्य बदलत नाही. आणि आपण खरोखरच डोळे झाकतो. माझं भांडण दुकानदारापेक्षा जास्त या झाकलेल्या डोळ्यांशी आहे.

बकरी ईदला बकरा घेताना आपण त्याचे दात मोजतो. सोनाराकडे हॉलमार्क विचारतो. मटणवाल्याने हाड जास्त टाकलं तर तिथल्या तिथे वाद घालतो. पण घरातला वर्षभराचा साठवलेला पैसा ज्या डब्यात जातो, तो डबा उघडून दाखव, असं म्हणायला आपल्याला लाज वाटते. "आपल्याला त्यातलं काय कळतं?" हे वाक्य आपण नम्रपणाने म्हणतो. माझ्या मते तो नम्रपणा नाही, तो आळस आहे, आणि त्याची किंमत आपली मुलं मोजतात.

आधी 'आय-सेव्हन' या नावाचं बघू. इंटेलने हे नाव २००८ मध्ये बाजारात आणलं. त्यानंतर या नावाखाली एकामागून एक जनरेशन आल्या. २०११ चा आय७-२६०० हाही आय-सेव्हनच आणि अकरा वर्षांनंतरचा आय७-१२७०० हाही आय-सेव्हनच. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात बारा. इतकंच काय, २०२२ च्या सुरुवातीला आलेला साधा आय३-१२१०० हा त्या २०११ च्या आय-सेव्हनच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे '७' हा आकडा मोठेपणा सांगत नाही. खरी माहिती त्या रेघेनंतरच्या आकड्यात असते आणि काउंटरवर नेमका तोच आकडा गिळला जातो.

गेल्या काही वर्षांत नातेवाइकांच्या आणि मोहल्ल्यातल्या मुलांसाठी पार्टची यादी करून देण्याचं काम माझ्याकडे आलं आहे, त्यामुळे बरेच डबे उघडे पाहिले. त्यातला एक सांगतो. कौशातल्या एका खालांनी शिलाईकाम करून जमवलेले २८ हजार रुपये मोजून बी.एस्सी. आयटीला गेलेल्या मुलीसाठी सेट आणला होता. काचेचं कॅबिनेट, आत रंग बदलणारे तीन पंखे, घर उजळून निघेल असा थाट. कॅबिनेटची काच काढली तर आत आय७-२६०० आणि 'एच६१'चा मदरबोर्ड. मदरबोर्डचा खोका नवा कोरा होता. पण एच६१ हा २०११ चा चिपसेट. त्यात रॅम डीडीआर३ लागते, तीही १६ जीबीच्या पुढे जात नाही. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते, असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. हा प्रोसेसर दुसऱ्या जनरेशनचा. आणि विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे मुलीच्या शिक्षणाची पहिली पायरी चढताना तिच्या हातात जी शिडी दिली, तिला वरच्या पायऱ्याच नव्हत्या. पुढे एकही पार्ट बदलायचा म्हटला तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम टाकून द्यायचे.

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "मी आय-सेव्हन सांगितलं होतं, आय-सेव्हनच दिलं." त्याचं म्हणणं अक्षराने खरं होतं. बिल मागितलं तर चिठ्ठी निघाली : 'कॉम्प्युटर सेट, १ नग.' या चार शब्दांवर कुठल्या आयोगात दाद मागणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर जुन्या मालाचा धंदा करणारे रागावतील. जुनं विकणं हा गुन्हा नाही. जुना कॉम्प्युटर जुना म्हणून, जुन्याच्या भावात घेतला आणि त्यावर लिनक्स टाकलं, तर टायपिंग, हिशेब, इंटरनेट ही कामं तो अजून करेल. हदीसमध्ये मदीनेच्या बाजारातला प्रसंग येतो. पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर विचारणा अशी झाली की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं. ओल असणं हा दोष नव्हता, ती खाली दडवणं हा दोष होता. रंगीत पंख्यांच्या खाली पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर दडवणं यापेक्षा वेगळं कसं? दुकानाच्या भिंतीवर बरकतीची आयत लावून हा धंदा होतो, याचं मला जास्त दुःख आहे.

आता मुख्य मुद्दा. कॉम्प्युटर ही एक वस्तू नाही. ती सात-आठ वस्तूंची सोयरीक आहे. प्रत्येक पार्ट एकटा चांगला असून चालत नाही, त्याचं शेजारच्याशी जमलं पाहिजे. आणि ही सोयरीक जुळवणं इंजिनिअरचं गुपित नाही. दहावी पास मुलगा किंवा मुलगी आठवड्यात शिकेल इतकंच ते आहे.

पहिली जोडी प्रोसेसर आणि मदरबोर्डची. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनचा सॉकेट एलजीए १७००. एएमडीचा जुना एएम४, २०२२ पासूनचा नवा एएम५. पण नुसत्या सॉकेटच्या नावावर जाऊ नका. एलजीए ११५१ हे नाव सहाव्या-सातव्या जनरेशनलाही होतं आणि आठव्या-नवव्यालाही. तरी सातवीच्या बोर्डवर आठवीचा प्रोसेसर चालत नाही. आडनाव एक, नातं नाही. एएम४ चा जुना बोर्ड आणि त्यावर रायझन ५०००, ही जोडी कागदावर जमते, पण बोर्डचं बायोस जुनं असेल तर पडद्यावर काहीच येत नाही. बायोस अपडेट करून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारायचं असतं.

दुसरी जोडी प्रोसेसर आणि पडद्याची. इंटेलच्या नंबराच्या शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून गळ्यात मारला जातो. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचं भोक दिसतं, वायर लावली तरी पडदा काळाच. मग "ग्राफिक कार्ड घ्यावं लागेल" म्हणून दहा वर्षांपूर्वीचं एखादं कार्ड वेगळ्या पैशाने दिलं जातं. वाचवलेले हजार रुपये व्याजासह परत जातात. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांच्यातही हाच एका अक्षराचा फरक आहे.

तिसरी जोडी रॅमची. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही, जोर लावाल तर बोर्ड जाईल. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारात मिळतात, म्हणून बोर्डचं पूर्ण नाव वाचायचं. एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. आणि १६ जीबी घ्यायची तर शक्य तिथे ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो.

चौथी गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त चोरी : एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येतो आणि त्यावर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' लिहिलेलं असतं. मोठी अक्षरं सोडा, बाजूचा छोटा तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. तिथे १६ लिहिलं असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. मग उरलेले वॅट कुठे आहेत? स्टिकरवर आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी येते-जाते हे मी सांगायला नको. एका झटक्यात असा एसएमपीएस जातो आणि जाताना मदरबोर्डला घेऊन जातो. सगळ्या यादीत काटकसर करा, इथे करू नका.

एवढंच गणित आहे. गुणाकार येतो त्याला हे येतं. तरीही आपण ते करत नाही, कारण आपल्याकडे एक सोपा मंत्र आहे : 'आपला माणूस'. दुकानदार आपल्या गावचा, आपल्या जमातीचा, मामूंच्या ओळखीचा, म्हणून बिल नको, नंबर नको. आपल्या माणसाकडे पक्कं बिल मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, अशी आपली समजूत. उलट आहे. कुरआनात उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, ते काय परक्यांपुरतं? लिहिल्याने नातं तुटत नाही. न लिहिल्याने तुटलेली नाती मात्र प्रत्येक मोहल्ल्यात मोजून दाखवता येतील.

दुसरा मंत्र, 'बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचतो.' कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के कर आहे, रक्कम बोचते हे मान्य. पण प्रोसेसर आणि मदरबोर्डवर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती कंपनीकडे मागायची तर बिल आणि सिरियल नंबर लागतो. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीसुद्धा नाही. कच्च्या चिठ्ठीवर यातलं काहीच सोपं राहत नाही.

आता दुकानदाराच्या बाजूनेही बोलतो, कारण दोष एकट्याचा नाही. आपण पाच दुकानं फिरतो, दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि जोडणीची मजुरी द्यायची म्हटली की म्हणतो, "चार स्क्रू तर लावायचे." त्या माणसाला भाडं आहे, घर आहे. तो कमाई प्रोसेसरवर करू शकत नाही, त्याचा भाव मोबाइलवर सगळ्यांना दिसतो. मग तो ती एसएमपीएसवर करतो, डब्याविना आलेल्या पार्टवर करतो, जनरेशन गिळून करतो. त्याच्या हाताच्या कामाला आपण दाम देत नाही, म्हणून तो आपल्या अज्ञानाचा दाम घेतो. मजुरी उघडपणे द्या आणि माल उघडपणे मागा. हा सौदा दोघांच्याही हिताचा आहे.

आणि आपल्या समाजसेवकांचं काय? अभ्यासिकेला दहा कॉम्प्युटर दिले, फीत कापली, फोटो छापला. फोटोत मॉनिटर दिसतात, आतलं दिसत नाही. बोली अशी ठरते : इतक्या पैशात जास्तीत जास्त नग. कितींवर आजचं सॉफ्टवेअर चालेल, हे कोणी विचारत नाही. वर्षभरात त्यातले निम्मे कापडाखाली झाकलेले असतात. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा अमानत आहे. दहा निकामी डब्यांपेक्षा चार चालणारे कॉम्प्युटर द्या, फोटो थोडा लहान येईल.

काही जण म्हणतील, "मुलांना गेमच खेळायचे असतात, मोबाइल पुरे." मोबाइलवर टॅली शिकून दाखवा, ऑटोकॅड चालवून दाखवा, मग बोलू. काही म्हणतील, "लॅपटॉपच घ्यावा." रोज लोकलने कॉलेजला नेण्याची गरज असेल तर जरूर घ्या. पण एका खोलीत तीन भावंडं शिकणाऱ्या घरात, ज्याचा एकेक पार्ट सवडीने बदलता येतो असा डेस्कटॉप जास्त वर्षं टिकतो. अट एकच, सुरुवातीची सोयरीक नीट जुळलेली हवी.

म्हणून मागणी साधी आहे. दुकानात जाण्याआधी घरी कागदावर आठ ओळी लिहा : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस. प्रत्येकासमोर पूर्ण मॉडेल नंबर. त्या ओळी मुलीला लिहायला लावा, मुलालाही. कल्याणच्या दुकानात जा, ठाण्यात जा, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जा, कागद तोच दाखवा. जो दुकानदार म्हणेल, "एवढं कशाला, आपलाच माणूस आहे मी," त्याला सलाम करून पुढच्या दुकानात चला. जो कागद हातात घेऊन म्हणेल, "या बोर्डला ही रॅम चालणार नाही, ही घ्या," तो आपला माणूस. त्याची जात, जमात, गाव विचारू नका. त्याला त्याची मजुरी पूर्ण द्या आणि पक्कं बिल घ्या.