झोपेची चिठ्ठी

आमच्या ऊर्जानगरात झोपही पाळीने येते. आमचे बंधुराज औष्णिक वीज केंद्रात. रात्रपाळी आटोपून घरी यावे, तो चंद्रपूरचे ऊन दारात उभे! झोपणार कसे? मग अल्प्राझोलामची गोळी. एकाच जुन्या चिठ्ठीवर चार वर्षे निभावली.

यंदा ओळखीच्या दुकानदाराने मान हलविली. १ मार्च २०१४ पासून ही गोळी ‘एच-१’ यादीत आहे. ताजी चिठ्ठी हवी. डॉक्टर, रोगी, गोळ्यांची संख्या, सारे वेगळ्या वहीत नोंदवून वही तीन वर्षे जपायची. (नियम जुनाच, दुकानदाराची भीती तेवढी नवी.)

बंधुराज चिडले, गोळी एकदम सोडून बसले. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर म्हणाले, “सवयीची गोळी अशी तोडू नये, हळूहळू उतरवावी.” हे चार शब्द दुकानातच कोणी सांगते तर! पण वहीत त्याचा रकाना नाही.

वहिनींनी खिडकीला काळी चादर लावली. गोळी आता पावावर आली आहे. काल दुपारी मी फोन केला, तर वहिनी कुजबुजल्या, “मागाहून करा, भावजी. हे झोपलेत.”